‘आई, शरीर सगळं सांभाळून घेतं’

पत्र :

डॉक्टर, नमस्कार. माझा मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे. चौथीपासून तालमीत जातो. वजन ७० किलो. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे, तिथं त्याला ६५ किलोच्या गटात उतरायचंय. ७१ च्या गटात म्हणे सगळी तयार पोरं आहेत. गेल्या वेळी त्यानं चार दिवसांत वजन तोडलं. जेवण बंद, मीठ बंद, शेवटचे दोन दिवस पाणीही बंद. भर दुपारी स्वेटरवर रेनकोट चढवून रंकाळ्याला फेऱ्या मारायचा. रात्री दोनला मोरीत आवाज आला म्हणून उठले, तर पाण्याची चूळ भरून थुंकत उभा होता. एक घोट गिळला नाही. वजन झाल्या झाल्या दोन लिटर पाणी एका दमात प्यायला, वर मटण-भाकरी. पहिली कुस्ती मारली. दुसरीत पोटऱ्यांत गोळे आले आणि हरला. आता कुणा मोठ्या पोरानं त्याला लघवी जास्त व्हायची गोळी सांगितलीय. मी बोलले की म्हणतो, ‘आई, शरीर सगळं सांभाळून घेतं. सवय लागते त्याला.’ हे खरं आहे का? त्याचे वडील म्हणतात, तालमीच्या गोष्टीत तू पडू नकोस. मी काय करू?

– एक आई, शिवाजी पेठ

उत्तर :

ताई,

तुमच्या मुलाच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य खरं आहे आणि दुसरं साफ खोटं. घोटाळा असा, की पहिलं खरं असल्यामुळंच दुसरं त्याला खरं वाटतंय.

शरीर सांभाळून घेतं, यात वाद नाही. बाहेर मे महिन्याचं ऊन असो की जानेवारीतली पहाट, आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहतं. तुम्ही एकादशी करा नाहीतर पंगतीत पोटभर जेवा, रक्तातली साखर ठरलेल्या पट्ट्यातच फिरते. ही साखर किती असते सांगू? सगळ्या रक्तात मिळून चहाच्या चमच्याएवढी, जेमतेम पाच ग्रॅम. ती घटली की यकृत आपल्या साठ्यातून सोडतं, वाढली की इन्सुलिन तिला पेशींत ढकलतं. रक्तातलं सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलीमोल, पोटॅशियम ३.५ ते ५. सगळ्याला अशी वरची आणि खालची रेघ आहे. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९२६ साली याला ‘होमिओस्टॅसिस’ असं नाव दिलं, मराठीत आपण समस्थिती म्हणतो. नाव देताना त्यानं ‘तंतोतंत तेच’ या अर्थाचा शब्द मुद्दाम टाळला आणि ‘तशासारखं’ या अर्थाचा घेतला. कारण आतलं काहीच एका जागी खिळलेलं नसतं. सतत थोडं वर जातं, थोडं खाली येतं, आणि कुणीतरी ते सतत ओढून जागेवर आणतं.

तुम्ही गुऱ्हाळ बघितलं असेलच. काहिलीतला रस उतू येऊ लागला की गुळव्या जळण थांबवायला सांगतो, उकळी बसली की घालायला सांगतो. त्याची नजर काहिलीवरून हलत नाही. शरीरात असे गुळवे पुष्कळ आहेत. अडचण एवढीच, की काहिली अनेक आणि जळण एकच. ते जळण म्हणजे पाणी.

आता तुमच्या मुलाला रंकाळ्यावर पळताना डोळ्यांसमोर आणा. स्नायू जेवढी शक्ती जाळतात, त्यातली फार तर पाव शक्ती कामी येते. बाकीची उष्णता होते. ती बाहेर पडली नाही तर काही मिनिटांत एकेक अंशानं अंग तापत जाईल. म्हणून मेंदूतला गुळवा, त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात, कातडीकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करतो आणि घाम सोडतो. एक लिटर घाम अंगावर वाळला की जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. नुसता निथळला तर काही उपयोग नाही.

आणि हा वरून रेनकोट घालतो! माठ गार का राहतो? पाझरतो आणि पाझरलेलं वाळतं म्हणून. त्याच माठाला बाहेरून ऑइलपेंट फासा, पाणी कोमट राहील. रेनकोट म्हणजे तो ऑइलपेंट. घाम आतल्या आत निथळतो, गारवा शून्य. मेंदूला कळतं की अंग तापतंच आहे, म्हणून तो आणखी घाम सोडायला सांगतो. पोराला वाटतं, वा, काय घाम निघतोय.

हा घाम येतो कुठून? ७० किलोच्या पोराच्या अंगात साधारण ४२ लिटर पाणी असतं, पण त्यातलं बहुतेक पेशींच्या आत आणि अवतीभवती असतं. रक्तातला पातळ भाग फक्त तीन लिटरच्या आसपास. घाम पहिला इथून जातो, मग पेशी आपलं पाणी रक्ताला उसनं देतात. ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेतात ना, तसं. घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, म्हणून मागं राहिलेलं रक्त जास्त खारट होतं. ही खारटपणाची वाढ शेकड्याला एक-दोन एवढीच असली तरी मेंदू ती हेरतो. तो दोन गोष्टी करतो : तहान लावतो, आणि मूत्रपिंडांना निरोप धाडतो की पाणी सोडू नका. आपली मूत्रपिंडं दिवसाला तब्बल १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड लिटरभर सोडून सगळं परत घेतात. निरोप आला की ती आणखी हात आखडतात. लघवी काकवीसारखी गडद होते. पण अर्धा लिटरच्या खाली ती सहसा जाऊ शकत नाही, कारण शरीरातली घाण बाहेर न्यायला तेवढं पाणी लागतंच. म्हणजे हा दोन दिवस पाणी पीत नाही, तरी लघवीतून, श्वासातून, कातडीतून पाणी जातच राहतं.

मग रक्त कमी पडतं. हृदयाकडं परत येणारं रक्त घटलं, की मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब मोजणाऱ्या जागा ओरडतात. हृदय जोरात पळू लागतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. इथंच गुळव्यांचं आपसांत भांडण लागतं. कातडी म्हणते रक्त द्या, मला अंग गार करायचंय. स्नायू म्हणतात आम्हाला द्या, कुस्ती आहे. मेंदू कुणाचं न ऐकता आपला वाटा आधी घेतो. शेवटी कातडीचं रक्त तोडलं जातं, आणि त्या क्षणापासून अंग आतून तापायला लागतं. ताई, ‘सांभाळून घेतं’ याचा अर्थ हा आहे. एकाचं राखायला दुसऱ्याचं काढतं. बाहेरून बघणाऱ्याला पोरगं पळताना दिसतं, आतली उचल दिसत नाही.

तुम्ही मोरीतली चूळ लिहिलीत, ती वाचून मी बराच वेळ थांबलो. पाणी तोंडात आणि घशात आलं, की ते रक्तात पोचायच्या आधीच मेंदू तहान थोडी सैल करतो. ‘येतंय पाणी’ एवढा निरोप त्याला घशाकडून मिळतो. एरवी ही मोठी सोय आहे, नाहीतर आपण गरजेच्या दुप्पट पाणी प्यालो असतो. पण गिळलंच नाही तर मेंदूला काही मिनिटांत फसवणूक कळते आणि तहान परत येते, म्हणून तो रात्रभर मोरीकडं चकरा मारतो. झोप गेली ती वेगळीच.

बरं, सवय. उन्हाची सवय लागते, हे खरं आहे. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं तर दहा-चौदा दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. पण ही सवय लागायला पाणी प्यावं लागतं! कोरडं राहायची सवय शरीराला लागत नाही. दहाव्यांदा वजन तोडणाऱ्याचं रक्त पहिल्यांदा तोडणाऱ्याइतकंच घट्ट होतं. सवय लागते ती फक्त तहानेकडं दुर्लक्ष करायची.

त्यानं तोडलेल्या वजनाचाही हिशेब मांडतो. ७० वरून ६५, म्हणजे पाच किलो, शेकडा सातहून जास्त. चार दिवसांत पाच किलो चरबी जळत नाही, कुणाचीच नाही. गेलं ते पाणी, आतड्यातला ऐवज, आणि स्नायूंतली साखर. स्नायू आणि यकृत मिळून अर्धा किलोच्या आसपास साखर साठवून ठेवतात, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. उपाशी राहिला की साखर संपते, तिचं पाणी निघून जातं, काटा झरझर खाली येतो. पोरगं खूश. पण दुसऱ्या कुस्तीत डाव ओढायला लागते ती हीच साखर. पाण्यात वजनाच्या शेकडा दोन एवढी तूट आली तरी दम कमी पडू लागतो. याची किती आली असेल ते तुम्हीच बघा. पोटऱ्यांत गोळे येण्याची कारणं एकाहून जास्त असतात, पण कोरडा, उपाशी, न झोपलेला पोरगा दुसऱ्या कुस्तीत टिकला नाही याचं मला काही नवल नाही.

काही वर्षांपूर्वी असाच एक पोरगा माझ्या दवाखान्यात आणला होता. मोपेडवर दोघांच्या मधे बसवून, ट्रिपल सीट. काळ्या बनियनवर मिठाचे पांढरे नकाशे उठले होते. पोटाच्या कातडीला चिमटा काढला तर ती वळी जागेवर बसायला वेळ घेत होती. झोपलेला असताना नाडी ११२, उठवून उभा केला तर १४० आणि डोळ्यांपुढं अंधार. सलाईन लावलं. तो बाटलीकडं टक लावून बघत होता. मला वाटलं घाबरलाय. थोड्या वेळानं हळूच विचारतो, ‘डॉक्टर, ह्याचं वजन किती भरंल?’ अर्धा लिटरची बाटली, अर्धा किलो, म्हणालो. दुसरी बाटली त्यानं लावून घेतली नाही. सोबतच्या पोरांनीही त्याचीच बाजू घेतली. मी त्या दिवशी त्याच्या घरी फोन करायला हवा होता. केला नाही, हे अजून सलतं. म्हणून तुमच्या पत्राला एवढं लांब उत्तर लिहितोय.

गोळीबद्दल मात्र एकच सांगतो : नाही. ती गोळी मूत्रपिंडांचा हात जबरदस्तीनं सोडवते. पाण्याबरोबर सोडियम जातं, पोटॅशियम जातं, आणि पोटॅशियमची रेघ चुकली की हृदयाचा ठोका चुकतो. शिवाय लघवी वाढवणारी औषधं खेळाडूंना जगभर बंदी असलेल्या यादीत आहेत. तपासणीत सापडला तर करिअर तिथंच थांबलं. घरात कुणाला रक्तदाबासाठी अशी गोळी चालू असेल तर ती कुलपात ठेवा.

अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये महिन्याभराच्या आसपास तीन कॉलेज पैलवान वजन तोडताना दगावले. रबरी सूट घालून, गरम खोल्यांत मेहनत करत होते. त्यानंतर तिथं रबरी सूट, गरम खोल्या बंद झाल्या आणि कुणी किती खाली उतरायचं याला हद्द घातली गेली. तुमच्या मुलाला हे सांगाल तर तो म्हणेल, ती अमेरिका. मग त्याला विनेश फोगाटचं सांगा, ते तो नाकारणार नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पहिल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलोला १०० ग्रॅम जास्त भरल्या आणि बाद. शंभर ग्रॅम म्हणजे अर्धा कप चहा. कोरडं पडलेलं शरीर मिळेल तो थेंब धरून ठेवतं. ‘पाणी सोडू नका’ हा निरोप अजून चालूच असतो ना! म्हणून तोडलेलं वजन परत चढायला टपूनच बसलेलं असतं.

मला खरी गंमत वाटते ती आपल्या कोल्हापूरची. इथं पिढ्यानपिढ्या वजन वाढवायची काळजी होती. खुराक, थंडाई, कट्ट्यावरचं धारोष्ण दूध, सगळं अंगावर चढावं म्हणून. लाल मातीत वस्ताद जोड बघून लावायचे, काटा मधे यायचा नाही. वजनी गट आले तसा काटा आला. हौद्यातल्या मातीला आपण ताक पाजतो, लिंबू पिळतो, हळद आणि तेल घालतो, ती मऊ राहावी म्हणून जपतो. आणि त्या मातीत लोळणाऱ्या पोराला घोटभर पाणी नाही?

आता काय करायचं ते.

पहिलं, त्याला ७१ मध्ये उतरू द्या. तो सतरा वर्षांचा आहे, अजून हाडं भरायची आहेत. ६५ च्या गटात आज कोंबून बसवलं तरी वर्षभरात तो गट त्याला सोडावाच लागणार. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेटला खेळले, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत एक गट वर चढून बँटमवेटला खेळले आणि कांस्यपदक आणलं. ते आपल्याच राजाराम कॉलेजचे. हे पोराला तुम्ही सांगू नका, वस्तादांच्या तोंडून ऐकू द्या. तिथून आलं की पटतं.

त्यासाठी वस्तादांना भेटायला त्याच्या वडिलांना पाठवा. तुम्हीही सोबत जा. ‘तू पडू नकोस’ म्हणणाऱ्या माणसाला एवढंच विचारा, की पोराच्या डोळ्यांपुढं अंधार आला तर रात्री दवाखान्यात कोण नेणार, आणि बघा. तालमीत, बाकीच्या पोरांसमोर हा विषय काढू नका. सकाळची मेहनत आटपल्यावर, बाजूला. वस्तादांना बऱ्याचदा माहीतच नसतं की पोरं आपापसांत काय गोळ्या फिरवतात. समजलं तर ते तुमच्याआधी कान पकडतील.

तरीही पुढंमागं वजन उतरवायचंच असेल, तर आठवड्याला अर्धा किलो, फार तर पाऊण. दोन-अडीच महिने हातात ठेवून, तेल-तूप-गोड कमी करून, पाणी पूर्ण पिऊन. पुढच्या महिन्यातल्या चाचणीला हे जमणार नाही, तेव्हा तो नाद आत्ताच सोडा.

घरात एक वजनकाटा ठेवा, पण वेगळ्या कामासाठी. मेहनतीला जायच्या आधी आणि आल्यावर वजन करायला लावा. जेवढा फरक तेवढं पाणी गेलं, किलोला लिटर. ते त्यानं त्या दिवशी भरून काढायचं, थोडं वरतीच. लघवी लिंबू सरबतासारखी फिकट हवी. काकवी दिसली की बोला.

दोन लिटर पाणी एकदम, हा प्रकारही बंद. नुसतं पाणी भसाभस प्यालं की रक्त चटकन पातळ होतं, तहान मरते आणि त्यातलं बरंच लघवीवाटे निघून जातं, पेशी कोरड्याच. लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. आतड्यात साखर आणि मीठ जोडीनं आत शिरतात आणि पाण्याला सोबत ओढून नेतात. १९७१ ला बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या मिश्रणावर कॉलऱ्याचे शेकडो रुग्ण वाचवले. सोबत मऊ भात, ताक, केळं. तांबडा-पांढरा संध्याकाळी, कुस्त्या झाल्यावर. मीही कोल्हापूरचाच आहे, रश्शाशी माझं वैर नाही, पण तेल-खोबऱ्याचा रस्सा पोटात रेंगाळतो. आणि रिकामी झालेली स्नायूंतली साखर भरायला दिवसभर तरी जातो. वजनानंतर दोन तासांत ती भरत नाही, कितीही खाल्लं तरी.

हे मात्र पाठ करून ठेवा : उन्हात मेहनत करताना पोरगा बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, उलट्या झाल्या किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. रेनकोट-स्वेटर फाडून काढा, सावलीत घ्या, बादल्यांनी गार पाणी अंगावर ओतत राहा, आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. गाडी येईपर्यंत ओतणं थांबवायचं नाही.

गेल्या वेळचं बघता त्याची एकदा रक्ततपासणी करून घ्या : सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का ते कळतं. जवळच्या कुठल्याही डॉक्टरांकडं होईल. जाताना तपासणी आहे म्हणून उपाशी किंवा तहानलेला नेऊ नका, यांना उपास लागत नाही. घरातून निघताना तांब्याभर पाणी पिऊन निघू दे, तुमच्यासमोर, गिळून.